केळ्याचा वास

चाळीस तासांचा कोर्स. त्यातला सहावा तास
दाढीचा.

ओझेल गॅस्किन्स, आमचे मास्तर, बोटाच्या पेरानं
मास्कची रबरी कड दाखवतात : इथं.
गालाला इथं घट्ट बसायला हवी.
एक केस जरी मध्ये आला, तर त्या वाटेनं आत.
शिशाला कुणाची हौस कळत नाही.
कुणी हसलं नाही.

चर्चच्या तळघरात आम्ही अकरा जण.
हीटर खोकतो. बाहेर ट्रेंटनचा फेब्रुवारी,
फुटपाथला धरून बसलेला काळपट बर्फ.
दोघं तुरुंगातून नुकते सुटलेले.
ग्वातेमालाची इर्मा, जिला सगळ्यात आधी कळतं
आणि जी सगळ्यात शेवटी बोलते.
मी, रात्रपाळी सुटलेली.
आणि लेमुएल, छातीपर्यंत दाढी.
नऊ वर्षांची. मुलगा गेला त्या आठवड्यापासूनची.
हे त्यानं सांगितलेलं नाही. आमच्या गल्लीत
माहीत असतं.

डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवतात,
आत केळ्याच्या वासाच्या तेलात भिजवलेला बोळा.
मास्क नीट बसला असेल तर वास येत नाही.
मान डावीकडे. उजवीकडे. वर. खाली.
मग समोरचा परिच्छेद मोठ्यानं वाचायचा,
जबडा हलला तरी कड सुटत नाही ना, ते बघायला.

लेमुएल कागदाकडे बघत राहिला.
पहिल्याच ओळीत म्हणाला, येतोय. केळं. येतोय वास.
मास्तर म्हणाले, दाढी.
तो म्हणाला, हो, दाढीच.
पण मी शेजारी उभी होते. मला दिसलं होतं
त्याचं बोट, दुसऱ्या शब्दावर अडलेलं.

बॅटरीच्या कारखान्यातून त्याचा बाप संध्याकाळी यायचा,
कपड्यांवर करडी पूड,
आणि पोरं दारातच त्याच्या मांड्यांना मिठी मारायची.
माझाही बाप तसाच यायचा.
वाईट कुणीच नव्हतं.
माझी अक्षरं कशी कोण जाणे जागेवर राहिली.
त्याच्या पानावर ती मुंग्यांसारखी पांगतात.

दोन रात्री चर्चच्या पायरीवर
मी वाचत गेले, तो म्हणत गेला, पाढ्यांसारखं.
थंडीनं ओठ वळत नव्हते. एका वाक्याला तो दर वेळी
स्वतःचंच काहीतरी जोडायचा. मी सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी तो दाढी काढून आला.
हनुवटी फिकट, उघडी,
भिंतीवरची तसबीर उतरवल्यावर
मागे जी जागा उरते, तशी.
टोपड्यात शिरला. म्हणाला सगळं, त्या जास्तीच्या शब्दांसकट.
मास्तरांनी घड्याळ बघितलं. कागद नाही बघितला.
वास?
काहीच नाही, तो म्हणाला,
आणि सांगूनही लगेच बाहेर आला नाही.

शेवटच्या आठवड्यात रिकामा प्लॉट.
पांढरे सूट, मनगटाला चिकटपट्टी :
त्याची मी लावली, माझी त्यानं.
टोक दुमडून ठेवायचं, नाहीतर काढताना नखं तुटतात.
सहा इंच खोल. चमचा. बरणी. झाकण.
लेबलवर पत्ता हवा.
घरच नाही तर नंबर कुठला?
मास्तर वाऱ्यात नकाशा उलगडायला लागले,
तोवर लेमुएल लिहून मोकळा : ४१७.
पेन माझ्याकडे देत म्हणाला,
स्वयंपाकघर तिकडे होतं. तिथली पण घ्या.

उतरवायचाही क्रम असतो.
आधी चिकटपट्टी. मग बाहेरचे हातमोजे.
सूट, आतली बाजू बाहेर करत. मास्क.
आतले हातमोजे सगळ्यात शेवटी.

घरी पोरगी धावत आली, थेट दारात.
मी दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे.
थांब, म्हटलं. आधी आंघोळ.
ती रुसली. बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसली,
पाण्याच्या आवाजावर ओरडत राहिली :
झालं?
आता झालं?